पुरात माल गेला. मार्केटप्लेसकडून नक्की काय मदत मिळते? सल्ला हवा आहे

कागदवेडी

नमस्कार मंडळी. मी हाताने बांधलेल्या वह्या आणि डायऱ्या ऑनलाइन विकते. दोन-तीन मार्केटप्लेसवर दुकान आहे, सगळं काम मी एकटीच बघते.

मागच्या आठवड्यात रात्री घरात पाणी शिरलं. आम्ही सगळे सुखरूप आहोत, हे आधी सांगते. पण खालच्या खोलीतला माल गेला. वह्यांचा कागद पाणी पिऊन दुप्पट फुगलाय, पुठ्ठे कण्यापासून सुटलेत, आणि कापडी वेष्टनाचा निळा रंग आतल्या पानांवर उतरलाय. सहा ऑर्डरी पॅक करून, लेबल चिकटवून दाराशी ठेवल्या होत्या. सकाळी त्या चिखलात सापडल्या. एकावरचंही लेबल वाचता येत नव्हतं.

आणि नव्या ऑर्डरी येतच आहेत. फोन वाजला की छातीत धस्स होतं. काय विकलं गेलं असेल, ते आता माझ्याकडे आहे तरी का, हेच डोक्यात येतं.

दुकान तात्पुरतं बंद करावं का? रेटिंग चार वर्षं जपलंय, त्याचं काय होईल? या कंपन्या विक्रेत्यांना खरंच मदत करतात का, आणि करत असतील तर ती कशी मागायची? ज्यांनी हे भोगलंय त्यांनी कृपया लिहा.

दोरा_सुई

ताई, सुखरूप आहात हे वाचून जीव भांड्यात पडला.

आधी नळ बंद करा, मग फरशी पुसा. म्हणजे आधी नव्या ऑर्डरी थांबवा. आज, आत्ता, हा धागा वाचून झाला की पहिलं काम हेच. एट्सी या हस्तकलेच्या मार्केटप्लेसवर 'व्हेकेशन मोड' आहे, म्हणजे दुकान सुट्टीवर ठेवायची सोय. ईबेवर 'टाइम अवे' आहे, पण तिथे दोन पर्याय येतात. विक्री चालू ठेवायची की थांबवायची, असं विचारतात. तुम्ही थांबवायचीच निवडा, नाहीतर ऑर्डरी येत राहतील आणि फक्त पोचायची तारीख पुढे जाईल. ॲमेझॉनवर लिस्टिंग, म्हणजे विक्रीला मांडलेल्या वस्तूंच्या नोंदी, 'इनॲक्टिव्ह' करता येतात. तुमचा काही माल त्यांच्या गोदामात असेल तर त्याला हे बंद लागू होत नाही. तो विकला जाऊ द्या, या दिवसांत तेवढाच आधार.

दुकान बंद केलं तरी आधी आलेल्या ऑर्डरींची जबाबदारी तुमच्यावरच राहते. अनेकांचा इथेच घोळ होतो. सुट्टी लावली म्हणजे झालं असं वाटतं, आणि जुन्या ऑर्डरींची मुदत तिकडे मुकाट्याने उलटून जाते. एट्सीवर लिस्टिंगची चार महिन्यांची मुदतही सुट्टीत चालूच असते, तेवढं बघून ठेवा.

जुनाविक्रेता

मी या धंद्यात बरीच वर्षं आहे. एकदा वादळात आणि एकदा आगीच्या धुरात माल गमावलाय. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आपत्तीनंतर मार्केटप्लेस देतात ती मदत बहुतेक वेळा पैशाची नसते. ती असते मोजमापातून सूट, म्हणजे उशीर, रद्द ऑर्डरी अशा चुका तुमच्या खात्याच्या हिशोबात न धरणं. हे आधी मनाशी पक्कं करा, म्हणजे भलत्या दारावर वेळ जाणार नाही. पण या सवलतीला कमी लेखू नका. आपल्यासारख्या छोट्या दुकानांना तीच सगळ्यात मोलाची.

कारण आकडे बघा. ॲमेझॉनवर दोषपूर्ण ऑर्डरींचं (ग्राहकाची तक्रार किंवा वाईट शेरा आलेल्या) प्रमाण १ टक्क्याच्या आत लागतं, विक्रेत्याने रद्द केलेल्या ऑर्डरींचं २.५ टक्क्यांच्या आत आणि उशिरा पाठवलेल्यांचं ४ टक्क्यांच्या आत. ईबेवर अमेरिकेतल्या निकषांप्रमाणे व्यवहारातल्या दोषांचं (विक्रेत्याने रद्द केलेल्या ऑर्डरी, न सोडवलेल्या तक्रारी) प्रमाण २ टक्क्यांच्या वर गेलं की खातं अपेक्षेखालचं ठरतं, आणि हा हिशोब दर महिन्याच्या २० तारखेला होतो. एट्सीवर स्टार सेलरचा (चांगल्या विक्रेत्याचा) बिल्ला टिकवायला ९५ टक्के ऑर्डरी वेळेत जाव्या लागतात आणि ९५ टक्के पहिल्या निरोपांना २४ तासांत उत्तर द्यावं लागतं. मोठ्या दुकानाला शंभर ऑर्डरी चुकल्या तरी पचतात. तुमच्या आठवड्याला ४० ऑर्डरी असतील आणि त्यातल्या फक्त २ रद्द केल्या, तरी ५ टक्के झाले. पाणी एका रात्रीत ओसरतं, पण हा आकडा खात्याला चिकटून राहतो.

आता सूट कशी मिळते ते सांगतो. मोठं वादळ किंवा पूर आला की कंपन्या बाधित भाग ठरवतात आणि तिथल्या विक्रेत्यांच्या उशिराच्या नोंदी हिशोबातून काढतात. ईबेच्या धोरणात तर हवामानामुळे किंवा कुरिअर ठप्प झाल्यामुळे झालेला उशीर विक्रेत्याच्या खात्यावर धरू नये असं आहेच. पण यंत्रणेला तुमचं घर दिसत नाही, तिला दिसतात नोंदी. तुमच्या खात्यावरचा पत्ता आणि कुरिअरने केलेलं पहिलं स्कॅन. पत्ता जुना असेल किंवा तुम्ही बाधित भागाच्या जरा बाहेर असाल, तर सूट आपोआप लागेलच असं धरून चालू नका. आणि लेबल छापलंय पण स्कॅन झालेलं नाही, अशा पार्सलला तर काहीच संरक्षण नाही. तुमची ती दाराशी ठेवलेली सहा पार्सलं नेमकी याच प्रकारात मोडतात.

म्हणून हातावर हात धरून बसू नका. प्रत्येक मार्केटप्लेसच्या मदत विभागाला स्वतःहून लिहा. फोनवर नको, लेखी. त्यात पुराची तारीख, खात्यावरचा पत्ता, बाधित ऑर्डरींचे क्रमांक आणि तुमची नेमकी मागणी असू द्या. "मदत करा" असं लिहिलंत तर साचेबंद उत्तर येईल. "या सहा ऑर्डरींमधला उशीर आणि रद्द झालेल्या नोंदी आपत्तीमुळे आहेत, त्या माझ्या मोजमापातून वगळाव्यात" असं लिहिलंत तर समोरच्या माणसाला काय करायचं ते कळतं.

फोटो काढल्याशिवाय काहीही फेकू नका. भिंतीवरची पाण्याची रेघ, फुगलेल्या वह्या, चिखलातली पार्सलं, सगळं टिपून ठेवा. विमा असेल तर तिथेही हेच लागेल. घराच्या विम्यात धंद्याचा माल बहुतेकदा धरत नाहीत, तेव्हा पॉलिसी नीट वाचा.

रात्रपाळी

मी एक सोपा मार्ग सांगतो. ऑर्डर रद्द करताना "ग्राहकाने रद्द करायला सांगितलं" हे कारण निवडायचं. दोष लागत नाही, कुणाला लिहायची कटकट नाही. बरेच जण असंच करतात.

जुनाविक्रेता

रात्रपाळी, तुमचा हेतू चांगला आहे हे कळतं, पण कृपया हा सल्ला देऊ नका. ग्राहकाला रद्द झाल्याचा निरोप जातो, त्यात कारणही दिसू शकतं. "मी कुठे सांगितलं होतं?" अशी एक जरी तक्रार गेली की तुम्ही खोटी नोंद केली असं ठरतं. मग पुराची खरी सबबही कुणी ऐकत नाही.

उलट बाजूने विचार करा. "माल शिल्लक नाही" हे कारण निवडलं तर दोष लागतो, हे खरं. म्हणून आधी ग्राहकाला लिहायचं, त्याच्यापुढे पर्याय ठेवायचा. त्याने स्वतःहून रद्द करा म्हटलं तर ते कारण खरंच होतं, आणि निरोपांत त्याचा पुरावाही राहतो. रस्ता तोच, पण सरळ.

दोरा_सुई

जुनाविक्रेता यांना शंभर टक्के अनुमोदन. ताई, ग्राहकांना लिहिताना लांबण लावू नका. मी माझ्या वेळी जे पाठवलं होतं ते तुमच्या कामाप्रमाणे बदलून देते:

"नमस्कार. आमच्या भागात पूर आला आणि तुमची ऑर्डर पाठवायच्या आधीच भिजली. नवी वही बांधायला साधारण तीन आठवडे लागतील. थांबायची तयारी असेल तर तसं कळवा. रद्द करायची असेल तरी कळवा, पूर्ण पैसे लगेच परत करते. झालेल्या गैरसोयीबद्दल मनापासून माफी मागते."

एवढंच. नुकसानीचे फोटो ग्राहकाला पाठवू नका, त्याने त्या बिचाऱ्याला ओशाळवाणं होतं. तारीख मात्र सांगा, आणि मनात असेल त्यापेक्षा आठवडाभर पुढचीच सांगा. माझ्या ग्राहकांपैकी बरेच जण थांबले होते. एकीने तर लिहिलं होतं, "तुम्ही आधी घर आवरा, माझी पिशवी कुठे जात नाही." तो निरोप मी अजून जपून ठेवलाय.

पानगळ

धंद्यातलं मला कळत नाही, पण जुन्या कागदपत्रांच्या जतनाचं थोडं काम केलंय, म्हणून लिहिते. ओल्या कागदावर २४ ते ४८ तासांत बुरशी धरायला लागते. तुमच्या ऑर्डरींची वही, हिशोबाची बिलं, नमुन्यांची पुस्तकं असं जे परत मिळणार नाही, ते वेगवेगळं करून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि फ्रीजरमध्ये ठेवा. गोठवल्याने कागद सुकत नाही, पण बुरशीची वाढ थांबते आणि तुम्हाला सवड मिळते. चिकटलेली पानं ओढून सोडवू नका. आठवडा झालाय, त्यामुळे ज्यावर बुरशी दिसतेय ते वेगळं ठेवा, हाताळताना मास्क आणि हातमोजे घाला. मालाची बिलं वाचवाच, नुकसान दाखवायला तीच लागतील.

कागदवेडी

सगळ्यांचे खूप आभार. दुकानं बंद केली, ग्राहकांना निरोप गेले. पानगळ, बिलांची फाइल फ्रीजरमध्ये आहे. काही बिलांवर काळे ठिपके आलेत, पण अक्षरं वाचता येतायत.

एका ठिकाणी मात्र अडकलेय. खात्यात शिरायला जो कोड येतो तो ज्या फोनवर यायचा तोच पाण्यात गेला. त्या मार्केटप्लेसला लिहिलं तर उत्तर आलं, "कृपया खात्यात लॉगिन करून विनंती नोंदवा." तीनदा लिहिलं, तीनदा तेच उत्तर. तिथेही चार ऑर्डरी अडकल्यात आणि मुदत सरत चाललीय. शिवाय कुणीतरी सुचवलं की नव्या बँक खात्यात पैसे वळवून घे. करू का?

जुनाविक्रेता

बँक खातं आत्ता अजिबात बदलू नका. नव्या उपकरणावरून लॉगिन, त्यात बँकेचा बदल, हे यंत्रणेला चोरीसारखं दिसतं. अशा बदलानंतर सुरक्षेपायी पैसे काही दिवस रोखून धरतात, आणि हे काही दिवस तुम्हाला परवडणारे नाहीत.

कोडसाठी पहिला उपाय मोबाइल कंपनीचा. त्याच नंबरचं बदली सिम घ्या, कोड परत येऊ लागतील. कोड ॲपमध्ये येत असतील तर खातं उघडताना दिलेले बॅकअप कोड ईमेलमध्ये किंवा कुठल्या कागदावर आहेत का ते शोधा. दोन्ही नसेल तर ओळखपत्र देऊन खातं परत मिळवायची वेगळी वाट असते. ती लॉगिनच्या पानावरूनच सुरू होते, मदत विभागाकडून नाही. म्हणूनच तुम्हाला तेच तेच उत्तर येतंय.

आणि सावध राहा. आपत्तीनंतर "विक्रेता मदतनिधी मंजूर झाला आहे, कोड सांगा" असे फोन आणि ईमेल येतात. कुठलीही कंपनी फोनवर कोड विचारत नाही.

सुताची_गुंडी

उशिरा लिहितेय. पैशाच्या मदतीबद्दल कुणी फारसं लिहिलं नाही म्हणून.

थेट मदतनिधी फार थोड्या ठिकाणी असतो, पण अगदीच नसतो असं नाही. अमेरिकेत हस्तकलाकारांसाठी १९८५ पासून काम करणारी सर्फ प्लस नावाची संस्था आहे. एट्सीने तिच्या जोडीने तिथल्या आपत्तीग्रस्त विक्रेत्यांसाठी मदतनिधी चालवला. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलेन वादळाने ॲशव्हिल शहरातल्या नदीकाठच्या कलाकारांच्या कार्यशाळा बुडवल्या. तिथे प्यायचं पाणी नळाला यायलाच नोव्हेंबर उजाडला. अशा ठिकाणी नुसती रेटिंगची सूट देऊन भागत नाही, रोख रक्कमच लागते. ज्या देशात आपण आहोत तिथे अशी संस्था आहे का, हे आपल्या कलेच्या संघटनेत विचारा. मार्केटप्लेसच्या मदत पानावर ते ठळकपणे लिहिलेलं नसतं.

दुसरं, मार्केटप्लेसकडून कर्ज किंवा आगाऊ रक्कम घेतली असेल तर हप्ते थांबवायची मागणी करा. २०२० च्या साथीत ॲमेझॉनने विक्रेत्यांच्या कर्जाची वसुली काही आठवडे थांबवली होती. म्हणजे ठरवलं तर होतं. न मागता मिळेल याची वाट बघू नका.

आणि भिजलेल्या वह्यांतल्या काही सुकून बऱ्या दिसल्या तरी नव्या म्हणून विकू नका. खुणा पडलेल्या, कमी किमतीत, पाणी लागल्याचं स्पष्ट लिहून विका. घेणारे असतात.

कागदवेडी

नवं काय घडलं ते लिहिते. बदली सिम मिळालं, त्या खात्यातही शिरले. चारपैकी दोन ऑर्डरींची मुदत उलटलीच होती. जुनाविक्रेता यांनी सांगितलं तसंच, क्रमांक आणि तारखा घालून, नेमकी मागणी लिहिली. पहिलं उत्तर नकाराचं आलं. त्यालाच उत्तर म्हणून भिंतीवरच्या रेघेचा फोटो आणि मोबाइल कंपनीची सिम बदलल्याची पावती जोडली. आज सकाळी दोन्ही नोंदी निघाल्या.

चिखलातल्या सहा ऑर्डरींपैकी चार ग्राहक थांबायला तयार आहेत. एकाने रद्द केली, एकाचं उत्तर यायचंय.

सुताची_गुंडी, आमच्या कलेच्या संघटनेला आज लिहितेय. तुम्ही अर्ज केला होता का कधी? त्यात नुकसानीची रक्कम कच्च्या मालाच्या भावाने लिहायची की तयार वहीच्या विक्रीच्या भावाने?

सुताची_गुंडी

हो, केला होता. दोन्ही लिहा, वेगवेगळ्या रकान्यांत. कच्च्या मालाला बिलं जोडा, आणि तयार वह्यांना गेल्या काही महिन्यांत त्याच प्रकारची वही ज्या भावाला विकली गेली ती मार्केटप्लेसवरची नोंद. कुठला आकडा धरायचा ते त्यांना ठरवू द्या. आणि तुमची हत्यारं विसरू नका. दाबयंत्र, कटर, सुया, आरी. माल मोजायच्या नादात मी माझा माग लिहायचाच विसरले होते.