स्वपरीक्षणाचा क्रम आणि बोटांचा दाब
चित्रफीत पाहून शिकलेल्या विद्यार्थिनींना लेखी परीक्षेत वर्गाइतकेच गुण मिळतात, म्हणून स्तनांचे स्वपरीक्षण ऑनलाइन शिकवणे पुरेसे आहे, असे एक मत मांडले जाते; ते मला माहितीपुरते मान्य आहे, कौशल्यापुरते नाही. मधल्या तीन बोटांच्या पेरांच्या मऊ भागाने, हलका, मध्यम आणि खोल असा दाब देत, काखेपासून छातीच्या मधल्या हाडापर्यंत उभ्या पट्ट्यांत तपासायचे, हा क्रम पडद्यावरून कळतो. मात्र नागपुरात आमच्या वर्गात स्तनाची सिलिकॉनची प्रतिकृती पुढे ठेवली की, हा क्रम तोंडपाठ असलेल्या मुलीही बोटे वरवर फिरवतात आणि खोलवरची गाठ त्यांच्याकडून सुटते. तेव्हा त्यांच्या बोटांवर आपली बोटे ठेवूनच दाब दाखवावा लागतो. (ऑनलाइन तासाला कॅमेरे बंद असतात, आणि या विषयात ते चालू ठेवा म्हणणेही रास्त नव्हे.)

या मतात लक्षात न घेतलेली आणखी एक बाब म्हणजे, शांघायमधील सुमारे २,६६,००० कामगार स्त्रियांच्या चाचणीत (अंतिम निष्कर्ष २००२) स्वपरीक्षण शिकवल्याने स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू घटले नाहीत, बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणे) मात्र वाढल्या. उलट आपल्या राष्ट्रीय कर्करोग तपासणी कार्यक्रमाच्या २०१६ च्या मार्गदर्शक आराखड्यात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची स्तनतपासणी प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्यांनी करायची आहे. तिथे आरोग्य कर्मचारी म्हणून या मुलींना दुसऱ्या स्त्रीला तपासावे लागणार आहे, आणि त्याचा सराव वर्गातच होऊ शकतो.