‘पेढी’ हा शब्द इथे चालेल का? (भाच्याच्या दवाखान्याचे कागद)

बोरीकाठ, अमळनेर
भाचा कॅलिफोर्नियात दातांचा डॉक्टर. त्याने तिथे ‘प्रोफेशनल कॉर्पोरेशन’ काढली. मामा, आईला मराठीत समजावून सांगा, म्हणून कागद माझ्याकडे पाठवले. मी ताईला ‘दंतवैद्यांची पेढी’ असं लिहून दिलं. ताई खूश झाली, आणि लगेच विचारलं, “म्हणजे त्याच्यामागे सुनेच्या नावावर होईल ना?”
कागदात तर उलटं आहे. तिथला कायदा 1968 चा. बहुतांश शेअर त्याच पेशाचा परवाना असलेल्यांकडे हवेत. कायद्याने ठरवून दिलेल्या इतर परवानाधारकांना 49 टक्क्यांपर्यंत मुभा. भागधारक वारला तर सहा महिन्यांत त्याचे शेअर कंपनीकडे, उरलेल्या भागधारकांकडे किंवा पात्र असलेल्या दुसऱ्या परवानाधारकाकडे गेले पाहिजेत. परवानाच गेला तर मुदत 90 दिवसांची. सून शाळेत शिकवते. तिला शेअरचे पैसे मिळतील, दवाखाना मिळणार नाही.
हे सांगितल्यावर ताई म्हणाली, “मंग ती कसानी पेढी, भाऊ?” मला उत्तर देता आलं नाही. शब्द सुचवा.

सराफबाजार, जळगाव
ताईंचं बरोबर आहे. आमच्या गल्लीत पेढी म्हटली की आजोबा, वडील, नातू एकाच गादीवर बसलेले. माझ्या मते पेढी आणि पिढी दोन्ही ‘पीठिका’ या एकाच शब्दाची लेकरं. जे पुढच्या पिढीकडे जात नाही त्याला पेढी म्हणणं म्हणजे ऐकणाऱ्याची दिशाभूल.

वरणगाव रोड
तुमच्या कागदात ‘व्यावसायिक निगम’ असं काही लिहू नका एवढीच विनंती. व्यावसायिक म्हटलं की लोकांना 19 किलोचं सिलिंडर आठवतं. डॉक्टरकीलाही व्यवसाय, भजीच्या गाडीलाही व्यवसाय. घटनेच्या कलम 19(1)(छ) मध्ये पेशा, व्यवसाय, व्यापार, धंदा अशा चार वेगवेगळ्या गोष्टी मोजल्यात, आपण बोलताना चारही एका शब्दात कोंबतो. ‘पेशा’ वापरा.

मराठीप्रेमी, चाळीसगाव
पेशा फारसी आहे. आणि घरात आयाबायांसमोर तो शब्द कोणत्या अर्थाने ऐकू येतो ते सगळ्यांना माहीत आहे. ‘वृत्ती’ हा आपला शब्द का नको? वृत्तिसंस्था.

वरणगाव रोड
दादा, वकील, दुकान, हिस्सा हे सगळे बाहेरूनच आले. मग कोर्टात उभं राहून बोलायचं कशात? आणि जोशीपणाची वृत्ती, कुलकर्णीपणाची वृत्ती बापाकडून मुलाकडे जायची. ताईंची अडचण तर तिथेच आहे. तुम्ही पेढी काढून वतन आणलंत.

मराठीप्रेमी, चाळीसगाव
हे मान्य. पण पेशा नकोच.

दिवाणी, धुळे
मी वकील आहे. आमच्यात परवाना कुणी म्हणत नाही, ‘सनद’ म्हणतात. सनद मिळाली, सनद गेली. परवाना दारूच्या दुकानाचा. ‘सनदधारकांची कंपनी’ म्हटलं की ताईंना कळेल, सुनेकडे सनद नाही म्हणून नाव लागत नाही.
आपल्याकडे वकिलाला बिगरवकिलाशी भागीदारी करता येत नाही, फी वाटून घेता येत नाही. सीएंना 1949 च्या कायद्यामुळे कंपनी काढून पेशा चालवता येत नाही. भागीदारी किंवा एलएलपी.

जमाखर्च, नंदुरबार
एलएलपीचा सरकारी मराठी शब्द ‘मर्यादित दायित्व भागीदारी’. मी रोज टाइप करतो आणि रोज अशिलाला वाटतं, आता आपल्यावर काहीच येत नाही. ‘मर्यादित’ने लोक फसतात. 2008 च्या कायद्यात दुसऱ्या भागीदाराच्या चुकीपासून संरक्षण आहे, स्वतःच्या हातच्या चुकीपासून नाही. भाच्यालाही सांगा, दाढ चुकीची काढली तर कंपनीच्या आड लपता येत नाही.
1932 च्या कायद्याखालच्या साध्या भागीदारीत तेवढंही नव्हतं. आमच्या आजोबांची एका आडतीत पत्ती, म्हणजे भागीदारीतला वाटा, होती. पत्तीदाराने परस्पर उचल केली. वसुली आजोबांच्या दारात आली. आजीने पाटल्या काढून पितळी ताटात ठेवल्या, तो आवाज वडील शेवटपर्यंत सांगायचे. त्यांनी आयुष्यात कुणाशी भागीदारी केली नाही.

सराफबाजार, जळगाव
‘पत्ती’ नव्हे, ‘पाती’. पातीदार. जुन्या मराठीत पातीच आहे.

जमाखर्च, नंदुरबार
आबा, आजोबांच्या वहीत त्यांच्या हातचं ‘पत्ती’ आहे. आठ आणे वाटा, सगळं स्पष्ट. आमच्याकडे गुजराती व्यापारी जास्त, त्यांच्या तोंडून आला असेल. म्हणून चूक कसा?

सराफबाजार, जळगाव
वहीत आहे म्हणजे वापरात होता, एवढंच. प्रमाण शब्द पातीच.

दिवाणी, धुळे
वापरात होता म्हणजे शब्द होता. अजून काय हवं?

पांझराकाठ
मूळ प्रश्नाकडे यावं म्हणून लिहिते. आमच्याकडे फड पद्धत आहे, फड म्हणजे एकत्र भिजणारा शेतांचा पट्टा. बंधाऱ्याचं पाणी, पाट, फडात कोणतं पीक घ्यायचं, सगळं सामाईक. पण फडात वाटा जमिनीमुळे. जमीन विकली की पाण्यावरचा हक्क त्याच दिवशी नव्या मालकाकडे. माणूस कितीही जुना असो. भाच्याच्या कंपनीत तेच, फक्त जमिनीच्या जागी सनद. ताईंना असं सांगून बघा, शेतकऱ्याच्या घरच्या असतील तर लगेच उमगेल.

बोरीकाठ, अमळनेर
पांझराकाठच्या ताई, हे आमच्या ताईला सांगितलं. समजलं तिला. “म्हणजे शेतच नाही तर पाणी कशाचं,” म्हणाली. मग बराच वेळ गप्प. “पोऱ्याने एवढं शिकून उभं केलं आणि घरात राहणार नाही,” एवढंच बोलली. कागदावर मी सध्या ‘सनदधारकांची कंपनी’ लिहिलंय, पण सनद म्हटल्यावर तिला आधी कलेक्टर आठवले.

मराठीप्रेमी, चाळीसगाव
सनदही अरबी आहे.

जमाखर्च, नंदुरबार
पांझराकाठच्या ताई, फडावर पाटाचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला जे धान्य द्यायचे त्याला तुमच्याकडे काय म्हणायचे? आजोबांच्या वहीत त्या रकान्यावर एक शब्द आहे, शाई पसरलीय, पहिलं अक्षर ‘ह’ वाटतं.