मदत हवी आहे: हातचा वाटेल असा जाड देवनागरी फॉन्ट, पण शिरोरेषेत फटी आणि पोटं (अक्षरांतल्या पोकळ्या) भरलेली

शीर्षकांसाठी जाड, खेळकर फॉन्ट करतोय. ब्रशने काढलेली अक्षरं ६०० डीपीआयला स्कॅन करून ऑटोट्रेस केली (सॉफ्टवेअरकडून आपोआप बाह्यरेषा काढून घेतल्या) आणि ग्लिफ्स या फॉन्ट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये आणली. एम (अक्षराची मूळ चौकट) १००० युनिट, उभा दांडा २१०, शिरोरेषा १५०. दोन अक्षरांमध्ये शिरोरेषेत केसाएवढी फट दिसते. २४ पिक्सेलला ज्ञ, क्ष, ळ यांची पोटं भरून जातात. ‘बाबा’तले दोन्ही ब तंतोतंत सारखे येतात; दुसरा नमुना केलाय, पण कॅल्ट (शेजारची अक्षरं पाहून रूप बदलणारा फॉन्टमधला नियम) तो उचलत नाही. ‘दुसऱ्या’मध्ये ऱ पाय मोडून य च्या शेजारी उभा राहतो.

प्रतिसाद १
शिरोरेषा काठाला काठ टेकून संपत असणार. मग काठाचा पिक्सेल दोन्हीकडून अर्धवट रंगतो आणि मधे फिकी रेघ उरते. प्रत्येक शिरोरेषा अक्षराच्या रुंदीबाहेर १५ ते २० युनिट काढा. टोकं सरळ उभी कापलेली, आणि वरची-खालची उंची सगळीकडे तीच हवी. लाट, खडबडीतपणा, काय मस्ती करायची ती टोकांपासून ४० युनिट आत करा. कान्यालाही हेच लागू. तोच नेमका राहून जातो.

प्रतिसाद २
२४ पिक्सेलला एक पिक्सेल म्हणजे साधारण ४२ युनिट. ज्ञच्या पोटात त्याहून कमी जागा असेल तर ते राखाडी होणारच. दांडा २१०च ठेवा, गाठी आणि आतल्या रेषा मात्र बारीक करा, विशेषतः रेष दांड्याला मिळते तिथे. मोदक फॉन्टमध्ये पोकळ्या मुद्दाम चिरांएवढ्या ठेवल्या आहेत, पण तो मोठ्या आकारातच खुलतो. लहान आकार हवाच असेल तर तो मोह सोडा. ऑटोट्रेसचे शेकडो बिंदू दुरुस्त करत बसण्यापेक्षा वळणांच्या टोकांवर बिंदू ठेवून अक्षर नव्याने काढणं लवकर होतं.

प्रतिसाद ३
कॅल्ट चालत नाही कारण दोन ब च्या मधे काना आहे. काना स्वतःची जागा घेणारा ग्लिफ (फॉन्टमधली आकृती) आहे, त्यामुळे मार्क (अक्षराच्या वर-खाली बसणारी चिन्हं) वगळण्याचा पर्याय त्याला लागू होत नाही. मागच्या संदर्भात ‘ब, काना’ असं दोन्ही लिहा आणि पुढचा ब बदला. तिसरा ब आपोआप मूळ रूपात राहतो, कारण त्याच्यामागे आता पर्यायी ब असतो.

‘दुसऱ्या’साठी हाफ फीचरमध्ये (अर्धी अक्षरं घडवणाऱ्या नियमात) ऱ आणि हलन्त यांच्या जागी अर्धा र घाला. रफाराच्या नियमाला हात लावू नका, नाहीतर ‘सूर्य’ बिघडेल. काही मजकुरात ऱ ऐवजी र, हलन्त, झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह) असा क्रम असतो. त्यासाठी साध्या र लाही हाफमध्ये तेच रूप द्या.

धागाकर्ता
फटी गेल्या, ब बदलतोय, मनापासून आभार. पण ‘बाबू’मधला ऊकार आता उजवीकडे सरकला!

प्रतिसाद ३
पर्यायी ब ला खालचा अँकर (उकार कुठे चिकटायचा ते सांगणारा बिंदू) दिलेला नाही. मूळ ब चे सगळे अँकर त्यात उतरवा, मग खालचा अँकर नव्या दांड्याच्या तळाशी हाताने सरकवा. प्रत्येक पर्यायी अक्षर कु, कू, कृ, कें, र्क या धर्तीवर छापून बघा.