व्हिनेगरचं टायट्रेशन: मिथिल ऑरेंजने रीडिंग इतकं कमी का येतं?

प्रयोगवही_बारावी
पांढऱ्या व्हिनेगरमधलं ॲसेटिक ॲसिड मोजायचंय. बाटलीवर ५ टक्के लिहिलंय. १० मिली व्हिनेगर १०० मिलीपर्यंत विरल केलं, त्यातलं २५ मिली शंकुपात्रात घेतलं. ब्युरेटमध्ये ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड. फिनॉल्फ्थॅलीनने रीडिंग २०.८ मिली येतं. मिथिल ऑरेंजने ६ मिलीच्या आसपासच पिवळं होतं, आणि तेही नेमकं कधी झालं ते कळत नाही. उदासिनीकरण म्हणजे सामू (pH) ७ ना? मग ७ ला तर दोन्ही दर्शक रंग बदलत नाहीत. खरं कुठलं धरायचं?

ब्युरेट_पिपेट
२०.८ धरा. सामू ७ हा नियम तीव्र आम्ल आणि तीव्र अल्कलीच्या जोडीपुरता आहे. उदासिनीकरण पूर्ण होणं म्हणजे जितके मोल आम्ल तितकेच मोल अल्कली पडणं, त्या वेळी सामू किती असेल ते तयार झालेल्या क्षारावर ठरतं. इथे सोडियम ॲसिटेट तयार होतं. ॲसिटेट आयन पाण्याकडून थोडे प्रोटॉन ओढून घेतो, हायड्रॉक्साइड मोकळे होतात, म्हणून तुमच्या द्रावणात शेवटी सामू साधारण ८.७ असतो.

मिथिल ऑरेंज सामू ३.१ ते ४.४ मध्ये बदलतो. ॲसेटिक ॲसिडचा पीकेए (ज्या सामूला निम्मं आम्ल संपलेलं असतं तो आकडा) ४.७६, म्हणजे सामू ४.४ ला जेमतेम ३० टक्के आम्ल संपलेलं असतं. २०.८ चे ३० टक्के काढून बघा, सव्वासहाच्या जवळ येतं. हिशोबात ६.२ घातलं तर व्हिनेगर दीड टक्क्याचं निघेल! रंग रेंगाळतो कारण त्या टप्प्यात द्रावण बफर असतं, एकेक मिली घालूनही सामू हळूच सरकतो. याउलट २०.७ मिलीला सामू ७ च्या किंचित वर आणि २०.९ मिलीला १०.३ च्या घरात. फिनॉल्फ्थॅलीनची ८.२ ते १० ची पट्टी याच उडीत बसते, म्हणून एका थेंबात गुलाबी.

हिशोब: ०.१ नॉर्मलच्या १ मिलीला ६ मिग्रॅ ॲसेटिक ॲसिड. २०.८ ला १२५ मिग्रॅ, आणि २५ मिलीत मूळ व्हिनेगर २.५ मिली. म्हणजे १०० मिलीला ५ ग्रॅम.

प्रयोगवही_बारावी
आता कळलं, धन्यवाद. लॅबमध्ये मिथिल रेडही आहे, तो चालेल का?

ब्युरेट_पिपेट
नाही. तो साधारण ४.४ ते ६.२ मध्ये बदलतो, म्हणजे ६ मिलीपासून २० मिलीपर्यंत रंग पालटतच राहील. थायमॉल ब्लू असेल तर चालेल, त्याचा दुसरा बदल ८ ते ९.६ मध्ये होतो.

द्रावण_आणि_दर्शक
वरचं सगळं बरोबर, पण ते ०.१ नॉर्मल खरंच ०.१ आहे का, हे आधी तपासा. सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड शोषतात, त्यामुळे ४ ग्रॅम तोलून लिटरभर केलं तरी नॉर्मॅलिटी कमीच भरते. ऑक्झॅलिक ॲसिड डायहायड्रेट १.५७५ ग्रॅम, २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत: हे झालं ०.१ नॉर्मल. याचे २५ मिली फिनॉल्फ्थॅलीन घालून टायट्रेट करा आणि जी नॉर्मॅलिटी निघेल तीच हिशोबात घ्या. ऊर्ध्वपातित पाणी उकळून, झाकून थंड केलेलं वापरा. द्रावण प्लास्टिकच्या बाटलीत ठेवा, काचेचं बूच चिकटून बसतं.

ब्युरेट आधी सोडियम हायड्रॉक्साइडच्याच द्रावणाने खंगाळा, पिपेट विरल व्हिनेगरने. शंकुपात्र मात्र फक्त पाण्याने. ते व्हिनेगरने खंगाळलं तर आतले थेंब जास्तीचं आम्ल देतात आणि रीडिंग वाढतं. पाणी राहिलं तर हरकत नाही, त्याने मोल बदलत नाहीत. नळीच्या टोकातला हवेचा बुडबुडा सुरुवातीलाच काढा, मध्येच निघाला तर तेवढं रीडिंग फुकट वाढतं.

दर्शकाचे दोन थेंब पुरे. खाली पांढरा कागद ठेवा. फिकट गुलाबी ३० सेकंद टिकला की थांबा. नंतर तो उडाला तर तो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे, त्यासाठी आणखी थेंब घालू नका. गडद गुलाबी आला तर ते रीडिंग सोडून द्या.