मदत हवी आहे: मानेचे जुळलेले मणके आणि मागे राहिलेला जबडा

नमस्कार. माझी लेक 12 वर्षांची आहे. खालचा जबडा मागे राहिलाय, म्हणून ट्विन ब्लॉक (खालचा जबडा पुढे आणायला दातांवर बसवतात ते उपकरण) लावायचं ठरलं. त्यासाठी काढलेल्या लॅटरल सेफ एक्स-रेत (डोक्याचा बाजूने काढलेला एक्स-रे) मानेचा दुसरा आणि तिसरा मणका जुळल्यासारखा दिसतोय. तिची मान दुखत नाही, वळतेही नीट. तरी माझ्या जिवाला घोर लागलाय.

जबड्यांच्या मोठ्या विसंगतीत असे जुळलेले मणके जास्त आढळतात, असं कोपनहेगन विद्यापीठातल्या अभ्यासांत दिसलंय. याचा अर्थ एकामुळे दुसरं होतं असा नाही, एवढं मला कळतं. पण ट्विन ब्लॉकसाठी वाढ किती उरलीय हे दुसऱ्या ते चौथ्या मणक्याच्या आकारावरूनच बघतात ना? मग तेच जुळलेले असतील तर अंदाज कशावर बांधायचा? हाताच्या एक्स-रेवर?

शिवाय साध्या एक्स-रेत सांधे एकमेकांवर आल्यानेही मणके जुळल्यासारखे दिसू शकतात म्हणे. मग आधी मणक्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन मान वाकवून-ताणून एक्स-रे काढावेत, की थेट सीटी? एवढ्या लहान वयात सीटी नकोसा वाटतो. आणि तोवर तिची कबड्डी थांबवू का? ऑर्थोडॉन्टिस्ट (दात-जबड्यांची ठेवण सुधारणारे डॉक्टर) किंवा अशा अनुभवातून गेलेले पालक असतील तर कृपया सांगा.