औषधाच्या दुकानातला नकार : सेवा की उद्धटपणा?

तळटीप

'पाऊलवाट' या टोपणनावाने परवा या मंचावर लिहिलेला मजकूर मी दोनदा वाचला आणि दुसऱ्या वाचनानंतर गप्प बसणे मला जमले नाही. ज्यांनी तो वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. घसा दुखत होता म्हणून त्यांनी गेल्या वर्षी लागू पडलेली अँटिबायोटिकची गोळी मागितली. काउंटरवरच्या माणसाने चिठ्ठीशिवाय ती देण्यास नकार दिला, वर "कोणासाठी हवी आहे, आणखी कोणती औषधे चालू आहेत" अशी चौकशी केली आणि चिठ्ठीवरच्या दुसऱ्या एका औषधाची भलत्याच कंपनीची पट्टी हातात ठेवली. यावर त्यांचा निष्कर्ष असा की, दुकानदाराने मागितलेली वस्तू द्यावी, पैसे घ्यावेत आणि तोंड बंद ठेवावे.

मी १९ वर्षे काउंटरच्या आतल्या बाजूला उभा आहे. घसादुखीचे कारण बहुतेक वेळा विषाणू असतो आणि अँटिबायोटिकचा विषाणूवर काहीही परिणाम होत नाही; गेल्या वर्षी ज्या गोळीने बरे वाटले, तिच्याविनाही बहुधा तितक्याच दिवसांत बरे वाटले असते. उरलेल्या चार गोळ्या घेऊन थांबणे तर त्याहून वाईट. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंग यांनी १९४५ मध्ये नोबेलच्या व्याख्यानातच बजावले होते की, अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, उलट औषधाला दाद न देणारे बनतात. इतक्या वर्षांनीही तीच गोष्ट ग्राहकाला सांगितली की आम्ही उद्धट ठरतो.

प्रश्न का विचारतो, त्याचे एकच उदाहरण देतो. सांधेदुखीच्या एका वयस्कर गृहस्थांच्या चिठ्ठीवर मेथोट्रेक्सेट होते आणि पुढे रोज एक असे लिहिले होते. सांध्यांच्या आजारात हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोज घेतले तर रक्तपेशी तयार होण्याचे कामच मंदावते आणि माणूस दगावू शकतो. मी डॉक्टरांना फोन लावला, ते रुग्ण तपासत होते, वीस मिनिटे गेली आणि त्या वीस मिनिटांत त्या गृहस्थांनी माझ्या दुकानाचा जो उद्धार केला तो इथे लिहिता येणार नाही. डॉक्टरांनी चूक मान्य केली. ते गृहस्थ मात्र पुन्हा माझ्याकडे आले नाहीत. समोरच्या दुकानात "पटकन" मिळते म्हणून तिकडे जातात, असे नंतर कळले.

पाऊलवाट

माझ्या मजकुराचा सारांश आपण आपल्या सोयीने केला आहे, म्हणून आधी तो दुरुस्त करते. नकाराबद्दल मी एक वाक्य लिहिले होते आणि ते रागाच्या भरात लिहिले होते, हे मान्य. बाकीचा सगळा मजकूर विचारण्याच्या पद्धतीबद्दल होता, त्याकडे आपण सोयीस्कर दुर्लक्ष केले. माझ्या मागे सहा माणसे उभी असताना "आणखी कोणत्या गोळ्या चालू आहेत?" हा प्रश्न शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारण्याची वैद्यकीय गरज कोणती, ते आपण १९ वर्षांच्या अनुभवातून समजावून सांगावे.

ही तक्रार नाजूकपणाची वाटत असेल तर माझ्या आईची गोष्ट ऐका. तिला नैराश्यावरच्या गोळ्या चालू होत्या. एके संध्याकाळी दुकानातल्या माणसाने पट्टी वर धरून, "ही डिप्रेशनचीच ना?" असे विचारले आणि आमच्याच इमारतीतल्या एक बाई शेजारी उभ्या होत्या. आई काही बोलली नाही. पुढच्या महिन्यात ती औषध आणायला गेलीच नाही आणि आम्हाला सांगितलेही नाही. गोळ्या एकदम बंद झाल्यामुळे तिला चक्कर येऊ लागली, झोप उडाली, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे होते असे ती म्हणू लागली, आणि आम्ही मात्र मानेचे दुखणे समजून तीन आठवडे भलत्याच तपासण्या करत राहिलो. आपल्या मेथोट्रेक्सेटच्या गोष्टीत प्रश्न विचारल्यामुळे एक माणूस वाचला. माझ्या गोष्टीत प्रश्न विचारल्यामुळेच औषध बंद पडले. आता बोला.

आडमुठा

दोन्ही बाजूंचे वाचून करमणूक झाली. तळटीप यांच्यासारखे विद्वान औषधविक्रेते असतीलही, पण ते नेमके कोणत्या वेळी दुकानात असतात याचा शोध मला अद्याप लागलेला नाही. मला जो भेटतो तो एका कानाला फोन लावून दुसऱ्या हाताने पट्टी कापणारा मुलगा असतो, आणि कापताना मुदतीची तारीख नेमकी दुकानाकडे राहील अशी त्याची कात्री चालते.

माझी खरी तक्रार मात्र कंपनी बदलण्याची आहे, आणि तळटीप यांनी आपल्या प्रदीर्घ निवेदनात तिला अलगद बगल दिली आहे. "कन्टेन्ट तोच आहे" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की आता ते दुकानाच्या पाटीवरच लिहावे. तोच कसा? जेनेरिक गोळीत, म्हणजे मूळ कंपनीऐवजी दुसऱ्याने बनवलेल्या त्याच औषधाच्या गोळीत, २० टक्क्यांपर्यंत कमी औषध असले तरी ती चालते, असा नियमच आहे. म्हणजे पाचातली एक गोळी खडूची, आणि हे सर्वांना मान्य!

दुर्बीण

आडमुठा यांनी जो नियम सांगितला तो तसा नाही. हा गैरसमज इतका पसरला आहे की, त्यावर थोडे सविस्तर लिहितो.

गोळीत औषध किती आहे याची मर्यादा निराळी असते आणि ती बरीच कडक असते. २० टक्क्यांचा हा गैरसमज येतो तो जैवसमतुल्यतेच्या, म्हणजे दोन गोळ्यांतले औषध रक्तात सारखेच पोहोचते का हे पाहणाऱ्या चाचणीतून. काही निरोगी स्वयंसेवकांना मूळ आणि नवी अशा दोन्ही गोळ्या वेगवेगळ्या वेळी देतात आणि रक्तात एकूण किती औषध पोहोचले व त्याची कमाल पातळी किती झाली हे मोजतात. दोन्ही गोळ्यांच्या सरासरींचे जे गुणोत्तर निघते, त्याचा ९० टक्के विश्वास-अंतराल (म्हणजे मोजणीतली अनिश्चितता धरून येणारा पट्टा) संपूर्णपणे ८० ते १२५ टक्क्यांच्या आत बसावा लागतो. सरासरी तर सोडाच, तिच्या दोन्ही बाजूंची अनिश्चितताही त्या चौकटीबाहेर जाऊन चालत नाही. सरासरीच २० टक्क्यांनी कमी असेल, तर ती गोळी या चाचणीत उत्तीर्ण होणे जवळपास अशक्य आहे. ज्या औषधांत मात्रेचा किंचित फरकही महागात पडतो, त्यांच्यासाठी अनेक देशांत ही चौकट आणखी अरुंद केलेली आहे.

आडमुठा

धन्यवाद, गुरुजी. आकडा मी चुकीचा सांगितला, हे लिहून घ्या आणि चौकटीत लावून ठेवा.

आता माझे ऐका. माझ्या धाकट्या भावाला अपस्मार आहे आणि फेनिटॉइन घेत असताना चार वर्षे त्याला एकही झटका आला नव्हता. एका महिन्यात दुकानदाराने न सांगता दुसऱ्या कंपनीची पट्टी दिली, घरी कोणाच्या लक्षात आले नाही आणि अकराव्या दिवशी जिना उतरताना तो कोसळला. आपण विश्वास-अंतराल मोजत बसलात, मी त्या रात्री रुग्णालयाच्या बाकावर बसलो होतो. आणि हा माझ्या एकट्याच्या डोक्यातला खेळ नाही. १९६८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहरात फेनिटॉइनच्या कॅप्सूलमुळे कितीतरी रुग्णांना विषबाधा झाली होती, हे तुमच्याच वैद्यकीय साहित्यात नोंदलेले आहे. कन्टेन्ट तेव्हाही तोच होता.

दुर्बीण

भावाबद्दल वाचून खरोखर वाईट वाटले. परंतु ब्रिस्बेनचे उदाहरण आपण अर्धेच सांगितलेत, आणि उरलेला अर्धा भाग आपल्याच विरोधात जातो. तिथे रुग्णांनी कंपनी बदललेली नव्हती. नेहमीच्याच कॅप्सूलमधला भरणीचा पदार्थ उत्पादकाने बदलला, कॅल्शियम सल्फेटऐवजी लॅक्टोज घातले. कॅल्शियम सल्फेट फेनिटॉइनचे शोषण रोखत होते. ते गेल्यावर तेवढ्याच मात्रेतले अधिक औषध रक्तात उतरू लागले आणि रुग्णांचा तोल जाऊ लागला. फेनिटॉइन पचवण्याची यकृताची क्षमता ठरावीक मर्यादेपर्यंतच असते, त्यामुळे शोषण थोडे वाढले तरी रक्तातली पातळी एकदम चढते. म्हणजे एकाच कंपनीला चिकटून राहिलेल्यांनाच तो फटका बसला. शिवाय तिथे औषध जास्त झाले होते, आपल्या भावाच्या बाबतीत ते कमी पडले असावे असा आपला कयास आहे. रक्तातली पातळी तपासली होती का? झोप, ताप, चुकलेला डोस, यांपैकी काहीही कारण असू शकते. एका भावावरून सगळ्या जेनेरिक औषधांना खडू म्हणणे योग्य नाही.

आडमुठा

"एका भावावरून." माझा एकच भाऊ आहे, महाशय. पुढच्या वेळी झटक्यापूर्वी रक्ततपासणीची व्यवस्था करून ठेवेन, म्हणजे आपल्या शास्त्राची गैरसोय होणार नाही.

सांजवात

दोघांनीही जरा दमाने घ्यावे. सगळा दोष काउंटरवर ढकलण्याआधी डॉक्टरांच्या अक्षराबद्दल कोणी बोलणार आहे का? माझ्या चिठ्ठीवरचे नाव दोन दुकानांत दोन प्रकारे वाचले गेले आणि तिसऱ्याने प्रामाणिकपणे हात जोडले; त्या तिसऱ्याकडेच मी आजही जाते. आणि रांगेत मध्येच हात घालून "फक्त एक पट्टी हवी आहे" म्हणणाऱ्यांसाठी वेगळा धागा काढावा लागेल.

तळटीप

फेनिटॉइनबाबत आडमुठा यांचे म्हणणे मी मान्य करतो, आणि हे लिहिताना मला आनंद होत नाही. दुर्बीण यांचे शास्त्र बिनचूक आहे, पण दुकानात ते पुरत नाही. फेनिटॉइन, रक्ताच्या गुठळ्या रोखणारे वॉरफरिन, थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिन अशा औषधांत रुग्ण ज्या कंपनीच्या गोळीवर स्थिरावला आहे तीच द्यावी, आणि ती नसेल तर डॉक्टरांना विचारूनच बदल करावा. न सांगता बदलणे हा तर सरळ सरळ गुन्हा मानला पाहिजे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात माल संपला म्हणून मीसुद्धा असे केले आहे. कोणाचे काही बिघडले की नाही हे मला आजही माहीत नाही, कारण मी विचारलेच नाही. मात्र साध्या पित्ताच्या किंवा तापाच्या गोळीसाठी कंपनीचे नाव धरून दुकानभर वाद घालणाऱ्यांना हीच सवलत मिळणार नाही, एवढे आडमुठा यांनी लक्षात घ्यावे.

खडूफळा

तापाच्या गोळीचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. माझ्या वडिलांना सर्दी-ताप झाला. तापासाठी ते ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉलच्या दोन-दोन गोळ्या दिवसातून चार वेळा घेत होते, म्हणजे ४ ग्रॅम, प्रौढांसाठीची २४ तासांची कमाल मर्यादा. दुसऱ्या दिवशी त्यांनी सर्दीची गोळी मागितली आणि ती मागताक्षणी मिळाली. त्या गोळीतही ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल होते आणि ती ते दिवसातून तीन वेळा घेत होते. साडेपाच ग्रॅम झाले. दोन दिवसांनी मळमळ सुरू झाली, रक्ततपासणीत यकृताचे आकडे वाढलेले निघाले, सुदैवाने वेळेवर कळले. सर्दीची गोळी देणाऱ्या त्या माणसाने पाऊलवाट यांना हवी तशीच सेवा दिली होती : वस्तू दिली, पैसे घेतले, तोंड बंद ठेवले. "आणखी काय चालू आहे?" हे चार शब्द त्याने ओरडून विचारले असते तरी आम्ही त्याचे पाय धरले असते.

पाऊलवाट

खडूफळा, आपल्या वडिलांना बरे वाटले हे वाचून दिलासा मिळाला. ते वाक्य मी मागे घेते. तळटीप यांनी हवे तर ते दुकानात टांगावे, बाजूला माझी माफी लिहिण्यासाठी जागा सोडून. परंतु ओरडूनच विचारले पाहिजे, हे कोठे सिद्ध झाले? तळटीप यांनी गोळ्यांवर तीन परिच्छेद लिहिले, आवाजावर अद्याप एक ओळ लिहिलेली नाही.

तळटीप

लिहीत नव्हतो, कारण बचाव सापडत नव्हता. गर्दीत पंख्याचा आवाज, फोन आणि दोन सहकारी यांच्यावरून आपला आवाज आपोआप चढतो, आणि वर्षानुवर्षे औषधांची नावे उच्चारून त्यांतली लाज आमच्यापुरती संपून जाते. समोरच्याची संपलेली नसते, हे विसरले जाते. हे कारण झाले, समर्थन नव्हे. आपल्या आईंना आता कसे आहे?

पाऊलवाट

बरी आहे. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, पण त्या आता मी आणते, दुसऱ्या दुकानातून. तिथे एक तरुण मुलगा आहे. मी चिठ्ठी घडी करून देते, तो ती काउंटरखाली उघडतो, पट्टी आणून चिठ्ठीजवळ ठेवतो आणि नावावर बोट ठेवून "हीच ना?" एवढेच विचारतो. कंपनी बदलली असेल तर बोट त्या नावावर नेतो आणि माझ्याकडे बघत थांबतो.

आडमुठा

त्या मुलाच्या फोनचे काय?

पाऊलवाट

तो खिशात असतो. मीही विश्वास ठेवला नव्हता, दोनदा जाऊन पाहिले.