शब्दचर्चा: 'विटाळ' - अर्थ नक्की कुठून कुठे गेला?

प्रश्न: आमच्याकडे जुन्या बायका विटाळ म्हटलं की पाळीबद्दलच बोलायच्या, 'विटाळशी आहे, शिवू नको' वगैरे. पण अभंगात हा शब्द जातीच्या शिवाशिवीबद्दलही येतो. मग मूळ अर्थ कुठला धरायचा?

---

दोन्ही एकाच मुळाचे. प्राकृतात 'विट्टाल' आहे, आणि हेमचंद्राने 12व्या शतकात व्याकरणात त्याचा अर्थच अस्पृश्याचा संसर्ग असा दिलाय. म्हणजे शब्द आधीपासून शिवण्याशी बांधलेला, बाईचं चार दिवस बाहेर बसणं काय नि महाराची सावली काय, नियम तोच.

पण खरी गंमत सोयराबाईंकडे आहे बघा. चोखोबांची बायको, 14वं शतक, जातीचा आणि बाईपणाचा असे दोन्ही विटाळ अंगावर घेऊन जगलेली. ती म्हणते 'देहीचा विटाळ देहीच जन्मला, सोवळा तो झाला कवण धर्म'. विटाळावाचून देहाची उत्पत्तीच नाही, तर मग सोवळा कोण उरला? हे तिने पोथी वाचून नाही काढलेलं, स्वतःच्या अंगावरून काढलंय, आणि तेही विठ्ठलाला न सोडता. शब्द तोच ठेवला पण जो बोट दाखवत होता त्याच्यावरच उलटवला. मला तर हा मराठीतला सगळ्यात धारदार युक्तिवाद वाटतो.

पुढे तुकोबांनी 'भेदाभेद भ्रम अमंगळ' म्हणून अपवित्रपणा थेट भेदावरच नेऊन ठेवला.

---

पटतंय, पण हे सगळं अध्यात्मातच राहिलं ना? आत्मा निर्मळ म्हणायचं आणि देवळाबाहेर उभं करायचं. चोखोबांची समाधी आजही महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीसमोरच आहे.

---

बरोबर आहे, आणि हे त्या घरातच कुणीतरी बोलून ठेवलंय. त्यांचा मुलगा कर्ममेळा थेट देवालाच विचारतो, 'आमुची केली हीन याती, तुज का न कळे श्रीपती'. आई अर्थ बदलते, मुलगा जाब विचारतो, आणि संप्रदायाने दोघांचेही अभंग गाथेत जपले. म्हणूनच मे 1947 मध्ये साने गुरुजी विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून पंढरपुरात उपोषणाला बसले तेव्हा त्यांना बाहेरून काही आणावं लागलं नाही, संतांचेच दाखले हाताशी होते. दार उघडलं, पण मधे सहाशे वर्षं गेली हेही तितकंच खरं, ते झाकू नये.

वापराचं म्हणाल तर 'विटाळशी' आता शहरात फारसं कुणी म्हणत नाही, 'बाहेरची झाली', 'कावळा शिवला' हेही कमी झालंय, लोक सरळ पाळी म्हणतात. 'विटाळ मानणे' मात्र आहे, आणि गावाकडे काही घरात दुसऱ्या जातीच्या माणसासाठी वेगळा कप ठेवतात, तिथे हा शब्द कुणी उच्चारत नाही पण पाळतात तोच.

शब्दकोशात अर्थ देताना सोयराबाईंची ओळ उदाहरण म्हणून द्यायलाच हवी असं माझं मत आहे, नुसतं 'अशौच, स्पर्शदोष' लिहून भागत नाही.